आरशातला डोळा

“बघ, परत मारला.”

मागच्या सीटवरून हे ऐकू आलं तेव्हा आमची बस उमरोळी सोडून बोईसरच्या रस्त्याला लागली होती. मला वाटलं, कुत्रं गेलं. त्या रस्त्यावर कुत्री मरतात. पहाटेचे टँकर कोणासाठी थांबत नाहीत, आणि मेलेल्या जनावरावरून चाकं जाऊन जाऊन शेवटी डांबराला चिकटलेलं नुसतं कातडं उरतं. मी काचेला गाल लावून मागे पाहिलं. रस्त्यावर काही नव्हतं.

“कोणाला गं?” दुसऱ्या बाईने विचारलं.

“आपल्यालाच, अजून कोणाला? वर आरशात बघ. बघ, बघ, आत्ता! मेल्याचा तो डोळा एक दिवस मीच बाहेर काढते की नाही बघ. डब्यातल्या चमच्याने काढते.”

तेव्हा मला कळलं, काय मारलं ते.

मी वर पाहिलं. ड्रायव्हरच्या डोक्यावर लांबट आरसा होता, त्याच्या कडेने प्लास्टिकची जांभळी फुलं गुंडाळलेली. आरशात त्याच्या चेहऱ्याची फक्त एक पट्टी दिसायची. थोडं कपाळ, दोन डोळे, नाकाचं हाड. मी पाहत होते तेवढ्यात त्याचा डावा डोळा गच्च मिटला, उघडला, पुन्हा मिटला. उजवा तसाच उघडा, सरळ रस्त्यावर.

ही आमच्या कारखान्याची बस. पालघरहून माणसं घेत निघायची आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या गेटवर सोडायची. पुढे बायका, मागे पुरुष, असं कोणी ठरवलं नव्हतं, पण तसंच बसत असू. मी लॅबमध्ये काम करते. दरवाजाजवळची एकटी सीट माझी, कारण तिथे शेजारी कोणी बसत नाही आणि बोलावं लागत नाही. लहानपणापासून इंग्रजी शाळेत गेले, त्यामुळे घराबाहेर मराठी बोलताना माझं वाक्य आधी डोक्यात जुळतं, मग मी ते तपासते, आणि तोवर समोरच्याने विषय बदललेला असतो. बायका मला “मॅडम” म्हणायच्या. त्यात थोडी टिंगल असायची, थोडी माया.

मागे बसून बोलणारी होती पॅकिंगमधली ताई. ती खोटारडी बाई नव्हती, हे आधीच सांगते. याआधी ती जिथे काम करायची तिथल्या सुपरवायझरने तिला महिनोन्‌महिने छळलं होतं. तक्रार केल्यावर तिलाच काढलं. मग तिच्या भावाने त्या सुपरवायझरला रस्त्यात गाठून त्याचे पुढचे दात पाडले. ही गोष्ट ती डबा खाताना सांगायची, भाजीत काय घातलं ते सांगावं तशी. “दात हातात घेऊन घरी गेला. बायकोला काय सांगितलं असेल गं त्याने, पेरू खाल्ला म्हणून?”

आणि माझ्यासाठीही तिने हात उचलला होता. बोईसर स्टेशनच्या रस्त्यावर एकाने मोटारसायकल हळू करून मला डोळा मारला होता. खरोखरचा, तोंडात गुटखा धरून हसत. मी नेहमीप्रमाणे खाली बघितलं. ताईने चप्पल काढली आणि त्याच्या थोबाडावर अशी हाणली की गाडी आडवी झाली. सायलेन्सरवर त्याची पोटरी भाजली, तो ओरडत होता, आणि ताई माझा दंड धरून म्हणाली, “चल मॅडम, डबा सांडेल.” तेव्हापासून माझी आई तिचं नाव निघालं की म्हणते, “देव तिचं भलं करो.”

म्हणजे पुरुष डोळे मारत नाहीत असं नाही. मारतात. ताई बहुतेक वेळा बरोबरच असायची. तिच्या विरुद्ध बोलायला मी कोण होते?

पण या एका डोळ्याबद्दल मला माहीत होतं.

माहीत असण्याचं कारण माझा स्वतःचा डोळा. त्या थंडीत माझ्या डाव्या डोळ्याची खालची पापणी उडायला लागली. बाहेरून कोणाला दिसायचं नाही, पण आतून वाटायचं की कातड्याखाली कोणीतरी बोटाने टिचक्या मारतंय. लॅबमध्ये ब्युरेटच्या काचनळीवरची रेघ बघताना नेमकी सुरू व्हायची. मग पोटरीतही. रात्री पडल्यावर पोटरीतलं मांस आपोआप उडायचं, जणू ते माझं नव्हतंच. मी पॅकिंगमध्ये सॅम्पल घ्यायला गेले तेव्हा ताईने विचारलं, “डोळा का धरलास?” आणि मी घाईत म्हणाले, “माझा डोळा मारतोय.”

अख्खं पॅकिंग बसलं हसत. “कोणाला मारतोय गं, मॅडम? मॅनेजरला?” “आम्हाला वाटलं ही गरीब गाय!” एका बाईने तर रिकामं पोतं डोक्यावर पदरासारखं घेऊन लाजून दाखवलं.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, “मारतोय नाही गं, लवतोय. डोळा लवतो. डावा ना? मग चांगलं. बाईचा डावा लवला की चांगलं होतं.” तो शब्द मला ठाऊक नव्हता. माझ्याकडे होतं ते ‘मारणे’. आणि मराठीत काय मारत नाहीत? हाक मारतात, मिठी मारतात, गप्पा मारतात, फेरी मारतात, शिट्टी मारतात, माश्या मारतात, माणूसही मारतात. एकाच शब्दाने सगळं. मला वाटलं, डोळ्याचंही त्यातच भागेल.

आईचं शुभ काही मला पटलं नाही. मी फोनवर शोधलं, आणि फोनने मला त्या आठवड्यात मारून पुरलंही. स्नायू वाळत जाणार, हात गळणार, जीभ गळणार, शेवटी श्वास. मी रोज सकाळी दाताने ब्रश धरून दोन्ही हातांच्या मुठी आवळून बघायची. शेवटी पालघरच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्या खेकसूनच बोलतात, सगळ्यांशी.

“चहा किती?”

मी सांगितलं.

“झोप?”

मी सांगितलं.

“पाणी लॅबमध्ये पीत नसशील. दिवसभर एका रेषेकडे डोळे ताणून बसतेस. मग ते बिचारं उडेल नाही तर काय करेल? हातातून वस्तू पडतात? जिना चढताना पाय लटपटतात? बोलताना जीभ जड होते? गिळताना ठसका लागतो? हाताचा पायाचा एखादा भाग बारीक होत चाललाय?”

प्रत्येक प्रश्नाला मी नाही म्हणून मान हलवली.

“मग नुसतं मांस उडतंय म्हणून मरायला टेकू नकोस. चहा कमी कर, झोप, पाणी पी. एकदा रक्तातले क्षार बघू. यातलं काही झालं तर मात्र धावत ये. किंवा हे कमी न होता आठवडेच्या आठवडे राहिलं, अख्खा डोळा मिटायला लागला, गाल ओढला जायला लागला, तर ये. समजलं?”

मी उठले, दारापर्यंत गेले, परत वळले. हे माझ्या स्वभावात नाही. “अख्खा डोळा मिटत असेल तर काय असतं? आणि गाल? तोंडाचा कोपरा वर जात असेल तर?”

“तुझा?”

“नाही. दुसऱ्या कोणाचा.”

“मग त्या दुसऱ्या कोणाला घेऊन ये. चेहऱ्याची नस असते, तिच्यावर आत एखादी रक्तवाहिनी दाबत असते बऱ्याचदा. त्या बाजूचा चेहरा आपोआप आवळतो. त्याच्या हातात नसतं ते. औषधं आहेत, इंजेक्शनं आहेत, नीट तपासायला हवं. पुढचा पेशंट!”

दुसरा कोणी म्हणजे ड्रायव्हरकाका. माझी पापणी उडायला लागल्यावर मी लोकांच्या पापण्या बघायला लागले होते. तेव्हा लक्षात आलं, काकांची पावसाळ्यात फक्त खालची पापणी थरथरायची. दिवाळीपर्यंत डोळा पूर्ण मिटायला लागला. मग गाल. मग मिशीची डावी बाजू वर ओढली जायची, जणू गळ अडकलाय. आरशात ते बायकांकडे बघतात असं ताई म्हणायची. ते बघत होते हे खरं, पण स्वतःकडे. मीही तसंच करायची, फोनचा कॅमेरा उघडून. दिसतंय का, लोकांना दिसतंय का. ते आरशात बघायचे, आरशात डोळा मिटायचा, आणि मागे सीटवर बसलेल्या बाईला तो बरोबर आपल्यावर मिटलेला दिसायचा.

एकदा बसमध्ये मी एकटीच चढले होते, पुढचा थांबा यायचा होता. काका सातपाटीचे, आयुष्य बोटीवर गेलेलं, अलीकडे गाडी चालवायला लागलेले. आरशात न बघता, समोर बघूनच ते म्हणाले, “बाय, एक सांगू? माझ्या या डोल्याला घाबरू नको हां. तो माझ्या सांगन्यात नाय.”

मी सीटच्या कडेला सरकले.

“वारा लागलाय. बोटीवर रातभर एका अंगाला वारा खाल्ला ना आमी, तो आता निघतोय. बायको गरम कापडानं शेकते. पन उडायचा तो उडतोच. काला चष्मा घातला तर तुमचे सायेब बोल्ले, ड्युटीवर हिरो बनू नको. काय करू, सांग.”

मी वाक्य जुळवलं. डॉक्टरांना दाखवा, हा वारा नाही. तपासलं, बोलले. नेमका टँकरने हॉर्न दिला.

“काय बोल्ली, बाय?”

“काही नाही.”

पुढच्या थांब्यावर ताई चढली.

त्यानंतर गोष्टी भराभर बिघडल्या. आधी बसमध्ये बायका मोठ्याने बोलायला लागल्या, काकांना ऐकू जाईल असं. “काही लोकांना घरी आया-बहिणी नसतात वाटतं.” “असतील, त्यांच्याकडेही असंच बघत असतील.” काकांनी मान खाली घातली, आणि मान खाली घालून बस कशी चालवणार? खड्डे चुकेनात. मागचे पुरुष शिव्या द्यायला लागले. मग एका सकाळी ताईने उठून चप्पल फेकली. ती काकांच्या डाव्या कानशिलावर बसली आणि स्टिअरिंगखाली पडली. बस साइडपट्टीवरून हेलपाटली. काकांनी ब्रेक लावला, चप्पल उचलली, मागे हात करून परत दिली. पण मार लागला त्या बाजूचा सगळा चेहरा एकदम आवळला, दोन-चार वेळा, आणि ताई किंचाळली, “बघा! चपलीनंतर पण मारतोय! लाज सोडलीय मेल्याने!”

मी तेव्हा उभी राहिले होते. बोलायलाच उभी राहिले होते. ताईने माझा दंड धरून मला खाली बसवलं. “तू नको घाबरू. तू पुढे बसतेस, सगळ्यात जास्त तुलाच मारतो, मला माहितीय. तू बोलत नाहीस म्हणून काय आम्हाला कळत नाही? माझ्या भावाला सांगितलंय मी.”

म्हणजे माझ्यासाठी. ते सगळं माझ्यासाठी चाललं होतं.

मांस उडण्याला घाबरायचं कधी, हे आम्हाला कारखान्यातही शिकवलेलं आहे, पण फक्त एका प्रकारचं. आमच्या शेजारी कीटकनाशकाचं एक युनिट आहे. सेफ्टीचे साहेब सांगतात: त्या मालाशी काम करणाऱ्याला दरदरून घाम सुटला, लाळ गळायला लागली, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी झाली आणि अंगाचं मांस उडायला लागलं, तर कोणाची परवानगी बघत बसायचं नाही, हातमोजे घाला, त्याचे कपडे काढा, पाण्याने धुवा, दवाखान्यात न्या. मी तसा एक माणूस पाहिलाय. त्याला चौघांनी उचलून भिंतीपलीकडून आणलं होतं. त्याच्या मांड्यांचं मांस टोपलीतल्या जिवंत कोळंबीसारखं उडत होतं आणि त्याच्या तोंडाचा फेस उचलणाऱ्याच्या मनगटावर ओघळत होता. सगळे त्याच्यासाठी धावले. माझ्या डोक्यात ते बसलं होतं: मांस उडताना दिसलं की लोक धावतात. कुठल्या दिशेने धावतात, याचा मी विचार केला नव्हता.

तो दिवस उन्हाचा होता. सकाळीच गेटसमोरचा रस्ता तापलेला, आणि हवेत तो वास, नवीन माणसाला ओकारी आणणारा आणि आम्हाला न येणारा. गेटच्या अलीकडे ताईचा भाऊ आणि त्याच्याबरोबर ट्रकमध्ये माल चढवणारे लोडर उभे होते, मोटारसायकली आडव्या लावून. काकांना थांबावंच लागलं.

भावाने ड्रायव्हरचा दरवाजा उघडून काकांची कॉलर धरली आणि ओढलं. काकांचा पाय क्लचवर होता. तो सुटला आणि बस एक जोराची उडी मारून बंद पडली. आम्ही सगळ्या पुढे फेकल्या गेलो. माझं तोंड समोरच्या दांड्यावर आपटलं. ओठ दातात फुटला. तोंडात गरम, खारट भरलं.

खाली उतरले तेव्हा काका जमिनीवर होते. पहिली लाथ मी पाहिली नाही, आवाज ऐकला. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. मग दुसरी बरगडीत, तिसरी पाठीत. एकाने पट्टा काढून बक्कल बाहेर ठेवून फिरवला. बक्कल कपाळाला लागलं आणि भुवईवरचं कातडं ओठासारखं उघडलं. बाजूच्या कारखान्यांतली माणसं शिफ्ट सोडून जमली. “क्या हुआ? छेडा क्या?” “लडकी को छेडा.” “मारो साले को.” ज्याला काहीच माहीत नव्हतं तोही एक लाथ घालून जात होता, देवळासमोरून जाताना घंटा वाजवावी तसा. मोबाइल वर झाले होते. वॉचमनने आतून गेट लावून घेतलं.

“मारू नका रं,” काका म्हणत होते. “मी नाय केला काय. माझा डोला... डोला हाय ना माझा...”

आणि तो डोळा बोलत होता त्यांच्याआधी. भीतीने, माराने, काकांचा डावा अर्धा चेहरा मुठीसारखा आवळत होता आणि सुटत होता, आवळत होता आणि सुटत होता. रक्त भुवईवरून त्या डोळ्यात उतरत होतं, तरी तो मिटत-उघडत होता. दर वेळी मिशीचा कोपरा वर जायचा. त्या चेहऱ्यात तेवढाच एक भाग हसत असल्यासारखा दिसायचा.

“हसतोय! अजून हसतोय!” पट्टा फिरवणारा ओरडला. “मार खाताना पण डोळा मारतोय भडवा!”

प्रत्येक लाथेने डोळा जास्त उडायचा. डोळा उडाला की लाथ जास्त जोराची. मी ते पाहत होते आणि मला कळत होतं की हे थांबणारं नाही, कारण ज्यासाठी ते मारत होते ते मारण्यानेच वाढत होतं. माणूस बेशुद्ध पडला तरी हा डोळा उडत राहील. डॉक्टरबाईंनी म्हटलं होतं, त्याच्या हातात नसतं ते.

भाऊ बसमध्ये चढला आणि सीटखालून टॉमी घेऊन उतरला. चाकाचे नट काढायची लोखंडी कांब, माझ्या हाताएवढी लांब. उतरता उतरता त्याने ती आरशावर घातली. काच फुटून ड्रायव्हरच्या सीटवर पडली. “डोळाच काढतो,” तो म्हणाला. मोठ्याने नाही. मोठ्याने म्हणाला असता तर मला कमी भीती वाटली असती.

तेवढ्यात ताईने मला पाहिलं. माझ्या हनुवटीवरून रक्त कुर्त्यावर आलं होतं.

“अगं बाई! हिला रक्त काढलं! दादा, बघ, पोरीला रक्त काढलं त्याने!”

सगळे वळले. इतके चेहरे एकदम माझ्याकडे कधीच वळले नव्हते. शाळेत स्टेजवर उभं केलं तेव्हा मी उलटी केली होती. भाऊ टॉमी घेऊन माझ्यासमोर आला. घाम गळत होता त्याचा. तो वाईट दिसत नव्हता. माझ्याशी बोलताना त्याचा आवाज अगदी मऊ झाला.

“ताई, घाबरू नकोस. मी आहे. तू फक्त सांग. याने तुला डोळा मारला ना?”

मी तोंड उघडलं. तोंडात रक्त होतं. वाक्य जुळत होतं: नाही, तो आजार आहे, चेहऱ्याच्या नसेचा. आजाराला मी काय म्हणणार होते? फोनवर सापडलेला शब्द इंग्रजीत होता. मी तो मराठीत शोधत राहिले.

“बघा,” ताई रडायला लागली, खरोखर रडायला लागली, मला कुशीत घेऊन. “बोलवत पण नाही गं पोरीला. अशी झाली होती मी. अशीच झाली होती.”

माझं गप्प राहणं म्हणजे ‘हो’ झालं. भाऊ वळला आणि टॉमी उचलून मारली. काकांनी डोळ्यावर हात घेतला होता. कांब हातावर बसली. मनगटाच्या वर काहीतरी तुटलं, ओला बांबू तुटतो तसं, आणि हात नको तिथे वाकला. काकांच्या तोंडून जो आवाज आला तो माणसाचा नव्हता. तो हात आता वर घेता येत नव्हता, डोळा उघडा पडला होता, आणि उडत होता.

“हात बाजूला धर त्याचा,” भाऊ कोणालातरी म्हणाला.

एका लोडरने काकांचा चांगला हात पायाखाली दाबला. दुसऱ्याने केस धरून मान वर केली. काका आता सरळ भावाकडे बघत होते, त्यांना दुसरीकडे बघताच येत नव्हतं. डावा डोळा मिटला, उघडला. मिटला, उघडला. मिशीचा कोपरा वर गेला.

मी ताईच्या मिठीतून सुटले. सुटताना माझं कोपर तिच्या छातीत लागलं, ती “आई गं” म्हणाली. मी काकांच्या आणि भावाच्या मध्ये गेले नाही, तेवढं धैर्य नव्हतं. भावाच्या बाजूला जाऊन उभी राहिले, त्याच्या कोपराशी, जिथून त्याला दिसत होतं तेच मला दिसावं म्हणून. टॉमी वर गेली होती. मी ती धरली. लोखंड उन्हाने तापलेलं होतं. माझ्या पकडीत जोर नव्हता, त्याने एका झटक्यात सोडवून घेतली असती. पण मी धरलं म्हणून तो चकित होऊन थांबला.

मी तोंडातलं रक्त थुंकले. वाक्य जुळवलं नाही.

“दादा,” मी म्हणाले, आणि माझा आवाज मागच्या माणसांपर्यंत गेला, “आत्ता ते तुमच्याकडे बघतायत. तुम्हाला मारतायत का डोळा?”